ओल्या गवतावरचं तेज

सकाळचे साडेसहा. मैदानावरच्या ओल्या गवतात साठ-सत्तर माणसं अनवाणी उभी, सूर्याकडे पाठ करून, आपापल्या लांबलचक सावल्यांसमोर हात जोडून. फाटकापाशी टोपलीत सगळ्यांचे मोबाइल. मधोमध वलयबाबा, गळ्यात कॅमेरा.

"ज्याला स्वतःच्या सावलीभोवती प्रकाश दिसतोय, त्यानं लाज धरावी!" बाबा गरजले. "तो तुमचा अहंकार. खरं तेज कुणाचं, ते कॅमेरा सांगेल. मिटा डोळे!"

साठ-सत्तर अहंकारी माणसांनी ओशाळून डोळे मिटले. बाबांनी कॅमेरा डोळ्याला लावून खटका दाबला. फोटोत सगळ्या सावल्या काळ्या, आणि एकट्या बाबांच्या सावलीच्या डोक्याभोवती लख्ख वलय. हा फोटो भिंतीवर लावला की म्हणे औषध लागत नाही.

मला हे ठाऊक, कारण फोटो माझ्याच स्टुडिओत छापले जात. मी पासपोर्ट फोटोंवर पोट भरणारा माणूस. लोकांना शहाणं करणं हे काही आपलं काम नव्हे, असं म्हणत मी मनातल्या मनात हसलो आणि चौकटीही ठोकून दिल्या. त्यातलीच एक माझ्या सख्ख्या बहिणीच्या भिंतीवर दिसली, तेव्हा हसू पळालं.

ताई शिवणकाम करते. तिला काचबिंदू आहे, डोळ्यांत रोज दोन वेळा थेंब घालावे लागतात. त्या दिवशी थेंबांची बाटली खिडकीत धूळ खात पडली होती.

"तीन आठवडे झाले बंद करून," ताई खुशीत म्हणाली. "आणि गुण बघ! आता मला दिव्याभोवतीसुद्धा वलय दिसतं. रंगीत!"

"डोळा दुखतो का?"

"दुखतो की डावा. बाबा म्हणाले, तेज आत शिरताना थोडं दुखायचंच."

मी तिथूनच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या ओरडल्याच, "रंगीत वलय? अहो, डोळ्यातला दाब वाढलाय! आत्ताच्या आत्ता आणा त्यांना." पण ताई हटून बसली. दुसऱ्या दिवशी फोटोसाठी बाबांच्या शेजारी उभं राहायचा मान तिचा होता. नंतर बघू म्हणाली. मी हात जोडले, रागावलो, काही उपयोग झाला नाही.

घरी येऊन सगळे फोटो पुन्हा पाहिले. वलयवाल्या सावलीची दोन्ही कोपरं दर वेळी बाहेर आलेली, घागर डोक्यावर धरल्यासारखी. कॅमेरा डोळ्याला लावला की कोपरं अशीच दिसतात. मग तेज बाबांचं, की कॅमेरा धरणाऱ्याचं?

सकाळी चौकटींच्या पिशवीत माझा कॅमेरा लपवून मी ताईशेजारी जाऊन उभा राहिलो. बाबांनी सांगूनही डोळे मिटले नाहीत. माझ्या सावलीच्या डोक्याभोवती झकास तेज होतं, आणि मी तर दातही घासले नव्हते. बाबांची सावली कोळशासारखी काळी.

"ताई, डोळे उघड. तेज कुणाभोवती दिसतंय?"

ती कुजबुजली, "माझ्याच. पहिल्या दिवसापासून. कुणाला सांगू नकोस हं."

म्हणजे प्रत्येकाला ते स्वतःभोवतीच दिसत होतं, आणि प्रत्येक जण शेजाऱ्यापासून लपवत होता! मी कॅमेरा ताईच्या हातात दिला. तिनं फोटो काढला. वलय तिला, बाबा काळे. शेजारच्या पोस्टमननं काढला, वलय पोस्टमनला. लोक भराभर डोळे उघडू लागले.

"माझीच कृपा वाहतेय सगळ्यांवर!" बाबांनी पवित्रा बदलला.

मग मी राखणदाराच्या कुत्र्याला जवळ बसवलं आणि कॅमेरा त्याच्या डोक्याशी टेकवून खटका दाबला. कुत्रा तेजस्वी निघाला. त्याला शिष्य करून घ्यायची बाबांची तयारी नसावी, कारण ते चपला शोधू लागले.

गोष्ट साधी आहे. दवाचा थेंब म्हणजे इवलंसं भिंग. मागून येणारं ऊन तो गवताच्या पात्यावर गोळा करतो, आणि तो उजेड आल्या वाटेनंच परत जातो. त्या वाटेवर फक्त तुमचंच डोकं असतं, म्हणून उजळतं ते तुमच्याच सावलीचं डोकं. कॅमेऱ्यालाही त्याच्यापुरतंच दिसतं.

"मग माझ्या दिव्याभोवतीचं?" ताईनं विचारलं.

"ते तुझ्या डोळ्यात आहे, ताई. चल."

या वेळी ती आली. उजवा डोळा वाचला. डाव्याला उशीर झाला होता. ती आता सुई उजव्या डोळ्याजवळ धरून ओवते, आणि ते बघताना मला माझ्या हातानं ठोकलेल्या चौकटी आठवतात.

तेव्हा दव पडलं की जरूर जा, सूर्याकडे पाठ करून उभे राहा, डोळे उघडे ठेवा. फार सुंदर दिसतं ते. फक्त शेजाऱ्याला विचारा, तुला कुणाभोवती दिसतंय? एवढा एक प्रश्न आम्ही कुणीच वेळेवर विचारला नाही, आणि ताईचा एक डोळा गेला.