तिसरी चिठ्ठी

मी चिठ्ठी बोलतेय. एका पानाची, निळ्या शाईतली, दोन घड्या पडलेली. मला उत्तर हवं होतं. ते मिळायला त्रेचाळीस वर्षं लागली, आणि त्यातला एक दिवसही मी स्वस्थ पडून राहिले नाही. कागदाला कसली आलीय घालमेल, असं म्हणाल. ज्याला कधी उत्तर मिळालं नाही, त्याला विचारून बघा.

मला लिहिलं एका चित्रकलेच्या शिक्षिकेनं. वय अठ्ठावीस. शाळेतून आली, खांद्यावरची पिशवीही न उतरवता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि लिहायला लागली. माझ्याआधी तिनं दोन चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. त्या नम्र होत्या, 'आपल्या सोयीने कळवावे' वगैरे. मी तशी नाही. मला लिहिताना तिनं पेन इतकं दाबलं, की पाठीमागून बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागतात.

झालं होतं असं. कलासंग्रहालयाच्या वार्षिक प्रदर्शनाला तिनं एक चित्र दिलं होतं. तिची थोरली बहीण शिवणयंत्रावर डोकं टेकून झोपलीय, एक हात अजून कापडावर. प्रदर्शन संपलं. बाकीच्यांची चित्रं परत गेली, हिचं तेवढं राहिलं. त्याच हिवाळ्यात ताईला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. घरात तिचा एकच फोटो, तोही शाळेतला, चाळीस मुलींच्या घोळक्यातला.

'आई रोज विचारते, चित्र कधी येणार. मी तिला काय सांगू?' ही माझी शेवटची वाक्यं. खाली सही, शाळेचं नाव, चित्राच्या पोचपावतीचा क्रमांक, आणि चित्रात काय आहे याचं चार ओळींत वर्णन. शोधणाऱ्याला त्रास नको म्हणून.

संग्रहालयात मला एका कारकुनानं उघडलं. माणूस वाईट नव्हता. वाचून 'अरेरे' म्हणाला. कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं लिहिलं, 'साहेबांशी बोलणे'. साहेब दौऱ्यावर होते. मग साहेबांच्या मुलीचं लग्न निघालं. मग साहेबच बदलले, आणि नव्या साहेबांना जुनं काही विचारलेलं खपत नसे. शेवटी कारकुनानं आम्हा तिघींना एका टाचणीत अडकवलं, 'किरकोळ' लिहिलेल्या फायलीत घातलं, आणि मग त्याचीही बदली झाली.

माणसं अवघड काम फेकून देत नाहीत, हे मी तेव्हा शिकले. फेकलं तर मनाला लागतं. ती ते नीट ठेवतात. नीट ठेवलं की केल्यासारखं वाटतं.

फाईल कपाटातून माळ्यावर गेली, माळ्यावरून तळघरात. दर वेळी कुणी उचललं की वाटायचं, आता वाचतील. एकदा तर आमच्यावर ओली छत्री ठेवून एक शिपाई जेवायला गेला. टाचणी गंजली. मी मनातल्या मनात स्वतःलाच वाचत राहिले. वरच्या जगात ती म्हातारी आई अजून विचारत असेल का, एवढंच डोक्यात.

मग या वर्षीचा उन्हाळा आला. सुट्टीत आठ आठवडे पदवीनंतर शिकणाऱ्या मुलामुलींना बोलवून जुन्या कागदांचं काम शिकवायचं, अशी संग्रहालयाची योजना होती. आमच्या तळघराच्या वाट्याला एक इतिहासाची विद्यार्थिनी आली. तिथं शाईच्या पेनाला बंदी, म्हणून केसांच्या बुचड्यात शिसपेन्सिल खोचलेली. बसली की टेबलाखाली पाय हलायचा. मला बरं वाटलं. म्हटलं, आपल्यासारखीच आहे, एका जागी चैन नाही.

तळघराचा कारभार एका बाईंकडे. केस पांढरे, आवाज हळू, नियम कडक.

"वाचत बसायचं नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. "तारीख, कुणाचं, कशाबद्दल. तीन गोष्टी लिहायच्या आणि पुढे जायचं. चौदा खोकी आहेत."

"आणि मॅडम, एकाच मजकुराची दोन-तीन पत्रं निघाली तर?"

"पहिलं ठेव. बाकीची त्या टोपलीत."

टोपलीतलं सगळं शनिवारी रद्दीत जाई.

तिसऱ्या आठवड्यात आमची फाईल उघडली. तिनं पातळ पात्यानं टाचणी काढली, बोटाला गंज लागला. पहिली चिठ्ठी वाचली, तीन गोष्टी लिहिल्या. दुसरी बघितली. तेच ते. टोपलीत. मग मला उचललं. माझी पहिलीच ओळ, 'याआधी दोन वेळा लिहिले आहे'. झालं, तिचा हात टोपलीकडे निघाला.

त्या क्षणी माझं काय झालं ते सांगता यायचं नाही. ओरडायला मला तोंड असतं तर! पण तिचं बोट माझ्या पाठीवर होतं. दाबून लिहिलेली अक्षरं त्याला लागली. तिनं मला उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं, आणि शेवटपर्यंत वाचलं. टेबलाखालचा पाय थांबला.

"मॅडम, हे चित्र मी पाहिलंय."

"कुठलं?"

"शिवणयंत्रावर झोपलेली बाई. वर मीटिंगच्या खोलीत आहे. पहिल्या दिवशी आम्हाला तिथंच बसवलं होतं ना? खाली पाटी आहे, चित्रकार अज्ञात."

बाईंनी मला हातात घेतलं. दोनदा वाचलं. मग उठून टोपलीतून दुसरी चिठ्ठी बाहेर काढली.

"याच्या मागे लागलीस तर तुझी खोकी राहतील. प्रमाणपत्रात मी तसं लिहीन हं."

"लिहा," पोरगी म्हणाली. मला घेऊन दोघी वर चित्रविभागात गेल्या.

चित्रविभागाचे प्रमुख ऐकेनात. "त्रेचाळीस वर्षं आम्ही सांभाळलंय ते. छत गळलं तेव्हा सगळ्यात आधी ते हलवलं. आता एका चिठ्ठीवरून काढून द्यायचं?"

"सांभाळलंत, खरंय," बाई म्हणाल्या. "पण तिनं मागितलं होतं."

चित्र भिंतीवरून उतरवलं. मागच्या लाकडी पट्टीवरची धूळ पुसली. खाली क्रमांक निघाला. माझ्यावरचाच. प्रमुखांनी दोन्ही क्रमांक ताडून पाहिले आणि चित्रकर्तीला शोधायला सांगितलं.

मुलीनं माझ्यावर लिहिलेल्या शाळेला फोन केला. शाळेनं दुसऱ्या शाळेचा नंबर दिला, दुसरीनं एका निवृत्त मुख्याध्यापिकेचा. पाच दिवस हेच चाललं होतं. सहाव्या दिवशी पलीकडून आवाज आला, "कोण? संग्रहालय? आत्ता?"

ती आली. एकाहत्तर वर्षांची, एकटीच, हातात कापडी पिशवी. मी तिला ओळखलंच नाही. तिनं मात्र मला लगेच ओळखलं.

"अक्षर काय छान होतं माझं," ती म्हणाली.

चित्रासमोर तिला खुर्ची दिली. बराच वेळ बघून म्हणाली, "डावा हात चुकलाय ताईचा. परत आलं की दुरुस्त करणार होते."

प्रमुख खाकरले. "आपलं नाव पाटीवर घालू. मुख्य दालनात जागा देऊ. हजारो लोक बघतील."

"आई विचारत विचारत गेली हो," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी सांगायची, हरवलं असेल. तर म्हणायची, हरवलं तर हरवलं म्हणून तरी कळवतील की नाही? मला दालन नको. चित्र घरी जाऊ द्या. आणि या चिठ्ठीला उत्तर द्या. लेखी."

"देतो. आपल्या नावानं?"

"आईच्या."

प्रमुखांनी छापील कागद घेतला आणि 'आपल्या पत्राच्या अनुषंगाने' अशी सुरुवात केली. विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "सर, साधं लिहा ना." त्यांनी तो कागद फाडला. दुसऱ्यावर लिहायला त्यांना पाऊण तास लागला, आणि झाल्या चारच ओळी. 'तुमच्या मुलीचं चित्र आमच्याकडेच होतं. हरवलं नव्हतं. तुम्हाला कळवायला हवं होतं, आम्ही कळवलं नाही. आज ते घरी पाठवत आहोत.'

तिनं ते उभ्यानं वाचलं, घडी करून पिशवीत ठेवलं. चित्र दोन चादरींत गुंडाळून गाडीत घातलं. ती गेली.

आठ आठवडे संपले तेव्हा मुलीची नऊच खोकी झाली होती. बाईंनी शब्द पाळला. प्रमाणपत्रावर लिहिलं, 'काम अपुरे'. आणि त्यापुढे, 'पुढील वर्षी पुन्हा बोलवावे'.

मी आता स्वच्छ कागदी पाकिटात आहे, पाठीशी उत्तराची प्रत. आता तरी निवांत व्हावं ना? नाही होता येत. समोरच्या फळीवर न उघडलेली पाच खोकी आहेत. त्यांत कोण कोण वाट बघत असेल, त्यांच्यापाशी किती दिवस उरलेत, मला कळत नाही, आणि दार वाजलं की मी अजून दचकते.

तुमच्याही खणात असेल एखादी. नीट ठेवलेली. काढा तिला. 'हो' लिहिणं जमत नसेल तर 'नाही' लिहा. 'माहीत नाही' लिहा. दोन ओळी पुरतात. पण आज लिहा, पलीकडे विचारणारं माणूस आहे तोवर.