नारळपाणी प्यालेला कम्प्युटर

दसऱ्याला सकाळी आईचा चिपळूणहून फोन आला. बाबा रिटायर झाल्यावर ते दोघं गावी गेले आणि जेसल पार्कच्या वन रूम किचनमध्ये मी आणि कम्प्युटर राहिलो. दोघांत जास्त बोलका कम्प्युटर.

"यंत्राची पूजा केलीस का?"

"करतोय."

"कसली करतोयस. नारळ आणलास?"

"आणतो."

"आणि बंद मशीनची करू नकोस. झोपलेल्या माणसाला कोणी हळदकुंकू लावतं का?"

आमच्याकडे पूर्वी बाबांच्या स्कूटरची पूजा व्हायची. स्कूटर चालू ठेवायची, झेंडूची माळ घालायची, मग चाकाशी नारळ फोडून पाणी वरून शिंपडायचं. स्कूटरने कधी तक्रार केली नाही. कम्प्युटरही यंत्रच. मी सीपीयू टेबलावरून उतरवून पाटावर आडवा ठेवला आणि चालू केला. फार तापतो म्हणून त्याचं एका बाजूचं झाकण मी उन्हाळ्यापासून काढूनच ठेवलं होतं. ती बाजू नेमकी वर आली.

एरवी मी पूजेत शॉर्टकट मारला असता. पण त्या संध्याकाळी हेमाली मला तिचा फोन नंबर देणार होती. हेमाली बडोद्याची, घरात मराठी बोलणारी. पावसाळ्याच्या आधीपासून चॅटवर रोज भेटायची. चेहरा मी पाहिला नव्हता, पण ती आमटीतला कढीपत्ता मोजून बाजूला काढते, हे मला ठाऊक होतं. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन मला अजून "नया भाडेवाला" म्हणायचा आणि मी तिथे शाळेत असल्यापासून राहतोय. माझी ओळख अशी त्या चॅटवरच होती. तेव्हा नंबर मिळेपर्यंत कुठल्याही देवाशी वाकडं नको, असं मी ठरवलं.

स्कूटरचा नारळ रस्त्यावर फुटायचा. हा बत्त्याने माझ्या हातातच फुटला, सीपीयूच्या बरोब्बर वर. शिंपडायची गरज पडली नाही. आतून चर्र झालं, शेंगदाणे करपल्यासारखा वास आला आणि पंखा थांबला. मी सवयीने नमस्कार केला.

आईला फोन लावला. "पाणी आत गेलं."

"जाऊ दे, शुभ असतं. नासका नाही ना निघाला?"

"नाही."

"मग झालं तर."

सीपीयू कडेवर घेऊन स्टेशनजवळच्या पिंटूकडे गेलो. पिंटू कम्प्युटर दुरुस्त करतो. तो स्वतःच्या मशीनला हार घालत होता, जरा लांबून.

"क्या गिरा?"

"नारियल का पानी."

"पीते पीते?"

"पूजा करते करते."

त्याने मदरबोर्डवरून खोबऱ्याचा एक तुकडा उचलला आणि प्रसाद ठेवावा तसा काउंटरवर ठेवला. "चाय आती है, बियर आती है. यह पहली बार आया," म्हणाला आणि मग मराठीवर आला. वाईट बातमी तो गिऱ्हाइकाच्या भाषेत सांगत असावा. "साखर असते यात. सुकली की चिकटते. सगळं धुवायला लागेल."

"पाण्याने बिघडलेलं पाण्याने धुणार?"

"मग काय दुधाने?"

त्याने बोर्ड टूथब्रशने घासला, स्पिरिट फिरवलं आणि माझ्या हातात दिला. "माझ्या दुकानात ऊन येत नाही. गच्चीवर वाळव, मग आण."

गच्चीवर वरच्या मजल्यावरच्या हंसाबेन पापड राखत बसल्या होत्या. मी बोर्ड पापडांच्या शेजारी ठेवला.

"यतीनभाई, यह क्या है?"

"मदरबोर्ड."

"कौए से संभालना." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मम्मी कब आएगी?"

"जल्दी."

मग आम्ही दोघं आपापलं राखत बसलो. ऊन उतरलं तसे त्या पापड गोळा करून खाली गेल्या. मी बसून राहिलो. बोर्ड वाळला होता.

संध्याकाळी बोर्ड पिंटूकडे देऊन सायबर कॅफेत गेलो. तिथे कळलं की मला माझा पासवर्ड माहीत नाही. तो माझ्या कम्प्युटरला माहीत होता, मी फक्त क्लिक करायचो. विसरलेल्यांसाठी एक प्रश्न होता: तुमच्या पहिल्या शिक्षकांचं नाव? खातं उघडताना मी तिथे काहीतरी विनोदी लिहिलं होतं. आता विनोद आठवेना. बाईंचं खरं नाव टाकून पाहिलं, ते चूक निघालं. म्हणजे हेमाली माझ्या नावावर नंबर पाठवत असणार आणि ते नाव उघडायची किल्ली नारळपाण्यात भिजलेली.

दोन दिवसांनी पिंटूने हाक मारली. सीपीयू चालू होता. पंखा पूर्वीपेक्षा गोड वाजत होता.

"एकदम नवा," तो म्हणाला. "फॉरमॅट मारून दिला."

"हार्ड डिस्क भिजली होती?"

"नाही रे, ती कोरडी ठणठणीत. पण एवढं धुतलंच आहे, तर आतूनही साफ करून दिलं."

मी थँक्यू म्हणालो. दुसरं काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं.

घरी येऊन नवं खातं उघडलं. हेमालीच्या चॅटवरच्या नावापुढे चार आकडे असायचे. यादीत ती सगळ्यात वर असायची, म्हणून आकडे कधी नीट वाचलेच नव्हते. शेवटी सात होता, किंवा एक. मी आकडे बदलत एकेका हेमालीला विचारत सुटलो: बडोद्याची का? एक हेमाली सुरतचे साडीवाले काका निघाले, त्यांनी होलसेल भाव सांगितला. एकीने मला ब्लॉक केलं. एकीने लग्नाची पत्रिका पाठवली, बहुधा सगळ्यांनाच पाठवत असावी. बऱ्याच आकड्यांवर कुठली हेमाली नव्हतीच.

रविवारी दुपारी एकीचं उत्तर आलं. "हो, मीच."

"मी कोण, ओळख," मी लिहिलं.

बराच वेळ ती टाइप करत असल्याची खूण दिसत राहिली. नंतर आलं, "तू सांग ना."

चॅटची खिडकी बंद करायला एक क्लिक पुरला असता. मी पंख्याचा आवाज ऐकत बसलो. मग लिहिलं, "यतीन."

"अरे हां, यतीन. किती दिवसांनी."

"हो ना. इकडे दसऱ्याला गंमत झाली."

"सांग."

मी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.