मिंदाच्या घरचा भात

मी विजेवरचा राइस कुकर बोलतोय. सध्या माझा मुक्काम डब्लिनजवळ क्लोनडॉकिनमध्ये, निशिगंधा आणि चारुदत्त या पुण्याच्या जोडप्याच्या स्वयंपाकघरात आहे. मराठी मी इथेच ऐकून ऐकून शिकलो. पण माझं खरं आयुष्य गेलं ते याच रस्त्यावर, समोरच्या घरात. तिथे लुझविमिंदा नावाची फिलिपिनो बाई राहायची. सगळे तिला मिंदा म्हणत.

मिंदा एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायची. आयर्लंडमधल्या पहिल्या पगारात तिने कोट घेतला नाही, मला घेतलं. थंडी सोसता येते, भाताशिवाय राहवत नाही, असं तिने तिच्या मुलीला, जोवेलिनला, फोनवर सांगितलं होतं. पुढे जोवेलिनही इथे आली आणि आयरिश मुलींसारखं बोलायला लागली. भात मात्र ती आईसारखाच खायची, ताट चाटूनपुसून.

त्या घरात काही वाया जात नसे. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत मासे गोठवलेले असायचे, आणि जोवेलिन प्रत्येक वेळी आशेने झाकण उघडून फसायची. ब्रेडच्या पिशव्या धुऊन खिडकीत वाळत. उरलेला भात सकाळी लसूण घालून परतला जाई. माझ्या तळाला धरलेली खरवडसुद्धा मिंदा पाण्यात भिजवून खायची. हीटिंग लागे ते फक्त संध्याकाळी, रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेच्या वेळी. देवापुढे दात वाजलेले बरे दिसत नाहीत, असं ती म्हणे.

ओट्यावरच्या प्रेसवर, म्हणजे भांड्यांच्या कपाटावर, लाल झग्यातला बाळ येशू होता. त्याच्यासमोर मायलेकी जपमाळ ओढत. मी शेजारी भात गरम धरून बसायचो. शेवटच्या आमेननंतर माझं झाकण उघडायचं. मला वाटायचं, या प्रार्थनेत माझाही थोडा हात आहे.

मग रोवेना आली. मिंदाच्याच गावची, पोटुशी, हातात एक बॅग. नवरा अजून तिकडेच होता. मिंदाने तिला लहान खोली दिली, स्वतःचं जाड पांघरूण दिलं. रोवेना तिला ‘आते’ म्हणायची. त्यांच्या भाषेत आते म्हणजे थोरली बहीण. बाळ झालं, मातेओ, तेव्हा बाप्तिस्म्याला मिंदाच त्याची धर्ममाता झाली. मातेओचं पहिलं अन्न माझ्यातलीच पेज. मिंदा फुंकर घालून भरवायची, आणि तो चमचा सोडत नसे.

मागच्या वर्षी घरमालकाने, मिस्टर केलेहरने, सांगितलं की हे घर तो विकणार आहे. तो चांगला माणूस होता, हे सांगताना त्याची मान खाली होती. त्या दिवसापासून मिंदा आणि रोवेना दोघींची धावपळ सुरू झाली. घर बघायला जावं तर दाराबाहेर रांग असायची. लहान मूल आहे म्हटलं की फोन बंद. शेवटी मिंदाने संत जोसेफची नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना, धरली. दोघी शेजारी शेजारी गुडघे टेकायच्या. मातेओ माझ्या वायरशी खेळायचा.

नोव्हेना चालू असतानाच एका दुपारी केलेहर आला. मिंदा कामावर होती. रोवेनाने त्याला चहा दिला. त्याने सांगितलं की चर्चच्या मागे त्याच्या बहिणीचं छोटं घर आता रिकामं आहे. वृद्धाश्रमात त्या बहिणीचं शेवटपर्यंत सगळं मिंदानेच केलं होतं. तिला न्हाऊ घालायची, तिचे केस विंचरायची. म्हणून ते घर त्याला मिंदालाच भाड्याने द्यायचं होतं. तिला तेवढं सांग, असं तो म्हणाला.

रोवेना बराच वेळ कप पुसत राहिली. मग म्हणाली की आतेचं दूर ॲथलोन गावाला जायचं पक्कं झालंय, तिथे तिची मैत्रीण आहे. माझा नवरा येतोय, ते घर मला मिळेल का?

“ग्रँड, चालेल,” केलेहर म्हणाला. “तू तिची मैत्रीण, म्हणजे चांगलीच असणार.”

मी सगळं ऐकलं. भात झाला की बटण वर उडवून एकदा ‘खट’ म्हणायचं, एवढाच माझा आवाज. त्या संध्याकाळी तो मी केला. मिंदाने नेहमीसारखं झाकण उघडलं आणि रोवेनाला पहिलं वाढलं.

नोव्हेना संपली. संत जोसेफची मर्जी असेल तसं होईल, असं म्हणत मिंदाने खरोखरच ॲथलोनच्या मैत्रिणीला फोन केला. तिच्याकडे एकच खोली होती. जोवेलिनला शाळा बदलावी लागणार होती. ती आईशी भांडली, मग मुकाट्याने पुस्तकं बांधायला लागली. रोवेना तिला खोकी भरायला मदत करत होती. मी काही दिवस माझ्या चुलत बहिणीकडे राहीन, असं तिने सांगितलं होतं.

केलेहर किल्ल्या घ्यायला आला तेव्हा मिंदा ओटा पुसत होती. तो म्हणाला, “तू माझ्या बहिणीच्या घरात राहिली असतीस तर मला बरं वाटलं असतं. पण निदान रोवेना तरी तिथे जातेय.”

मिंदाचा हात थांबला. तिने फडकं खाली ठेवलं. किल्ल्या दिल्या, आभार मानले, दारापर्यंत सोडायला गेली. परत आली तेव्हा रोवेना मातेओला कडेवर घेऊन उभी होती.

“आपण दोघी गुडघ्यावर होतो,” मिंदा म्हणाली. “तेव्हा तू काय मागत होतीस?”

“तुम्ही मागत होतात तेच, आते,” रोवेना म्हणाली. “घर.”

मिंदा खाली बसली. रडेल असं मला वाटलं, पण तिने मातेओचा सुटलेला बूट बांधला आणि ती पुन्हा ओटा पुसायला लागली. फरक इतकाच की तोच कोपरा ती पुसत राहिली.

ॲथलोनच्या खोलीत स्वयंपाक करायची परवानगी नव्हती. बाळ येशू तिने शालीत गुंडाळला. मला उचललं, छातीशी धरलं, तेव्हा मी निश्चिंत झालो. पण ती रस्ता ओलांडून निशिगंधाच्या दारी गेली. कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना दोघींची ओळख झाली होती. “भात चांगला होतो याच्यात,” एवढंच ती म्हणाली. रोवेनाबद्दल अवाक्षरही नाही. आणि माझ्याकडे वळून पाहिलंही नाही. तिचा नाइलाज मला कळतो. तरी बाळ येशूला शाल आणि मला परकं दार, हे मनातून जात नाही.

इथे माझं वाईट चाललेलं नाही. खिचडी शिकलो, मसालेभातही शिकलो. पण काल रोवेना आली होती. मिंदाचा कुकर आठवण म्हणून मिळेल का, असं तिने विचारलं. आम्ही सख्ख्या बहिणींसारख्या होतो म्हणाली, आणि डोळे पुसले. निशिगंधाला गलबलून आलं.

“देऊन टाक गं,” चारुदत्त म्हणाला. “आपला प्रेशर कुकर आहेच की.”

निशिगंधाने मला घासूनपुसून पिशवीत घातलंय. तिचा काय दोष? तिला कुणी काही सांगितलंच नाही. वाचकांनो, कुणाच्या ताटात जेवत असाल, कुणाच्या शेजारी गुडघे टेकत असाल, तर तिच्यासाठी आलेला निरोप तिला द्या. माझ्यासारख्याला तो देता येत नाही.

दारावर बेल वाजली. रोवेनाचा आवाज, आणि तिच्यामागून मातेओचा. भूक लागली, म्हणतोय. मी ठरवलं होतं की त्या घरात तांदूळ कच्चेच ठेवायचे. पण त्याला मी कच्चा भात कसा वाढू?