मांडवातले शंभर फूट

मी जळगावच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो आणि उरलेल्या वेळात पीएचडी करायचो. आठ वर्षं झाली होती. विषय असा, की दाटीवाटीच्या आणि सतत बदलणाऱ्या जागेतून एखादा सूक्ष्म कण पुढे कसा सरकतो. धरणगावला आमच्या घरी याची रोज टिंगल व्हायची. थोरले अभिमनभाऊ म्हणायचे, "त्याले आठ वरीस कशाले लागतस रे वना? बाजारना दिवस जाई उभा ऱ्हाय."

एकोणनव्वद सालच्या मे महिन्यात अभिमनभाऊंच्या धनसिंगचं लग्न सोनगीरला ठरलं. मंगळसूत्राची डबी सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात सगळ्यात रिकामा माणूस मीच. आणि ती डबी मी जानोशावरच, म्हणजे वऱ्हाडाला उतरायला दिलेल्या शाळेत, पिशवीत विसरून मांडवात आलो.

लक्षात आलं तेव्हा सहा वाजून गेले होते. मुहूर्त सहा बत्तीसचा. मुलीचे वडील चुडामणआबा मुहूर्ताच्या बाबतीत भलते कडक. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न अर्धा तास उशिरा लागलं आणि वर्षभरात ती माहेरी परत आली, तेव्हापासून त्यांनी घड्याळाचा धसकाच घेतला होता. साखरपुड्यातच त्यांनी बजावलं होतं, "येळ टळनी ते आज लगीन नही." भाऊंच्या पोराचं लग्न माझ्यामुळे मोडलं असतं, तर मी धरणगावात तोंड दाखवू शकलो नसतो.

मी एकाला सायकलवर शाळेकडे पिटाळलं. तिथे सामान राखायला कमलअक्का होती. अक्का माझी थोरली बहीण. अकरा वर्षांपूर्वी मेहुणे गेले, तेव्हापासून प्रत्येक लग्नात सामानापाशी तीच बसायची. तिला बस असं कुणी म्हणायचं नाही, आणि चल असंही कुणी म्हणायचं नाही. मीही नाही.

निरोप मिळताच अक्का स्वतः डबी घेऊन आली, पण मांडवाच्या दाराशीच थांबली. तिथे आमचा चुलतभाऊ भटू उभा होता, त्याने डबी घेतली. मी स्टेजवरून हे पाहिलं आणि सुटलो बुवा म्हणून घाम पुसला. भटू म्हणजे धरणगावपासून दोंडाईच्यापर्यंत प्रत्येकाला ओळखणारा माणूस. दारापासून स्टेजपर्यंत फक्त शंभर फूट, आणि मध्ये हजारभर पाव्हणे.

चूक तिथेच झाली. भटू प्रत्येकाला ओळखत होता, तसे सगळे त्यालाही ओळखत होते. दोन पावलं टाकली की कुणीतरी हात धरायचा. "काय भटूभाऊ, बरं शे ना? कापूसना काय भाव गया?" तेवढ्यात सरबताचा ट्रे आला की गर्दी डावीकडे वळायची, बँडवाले घुसले की उजवीकडे, आणि भटूचा गुलाबी फेटा बिचारा तिच्याबरोबर. माझ्या गणिताप्रमाणे अशा चालीत अंतर दुप्पट झालं, की वेळ चौपट लागतो. त्या हिशेबाने भटू स्टेजवर बुधवारी दुपारी पोचणार होता. लग्न रविवारी होतं.

सहा पंचवीसला मी स्वतः उडी मारली. पाचव्या पावलाला एका गृहस्थांनी माझं मनगट पकडलं. "प्रोफेसर, इंजिनिअरिंगला पोराला बारावीत किती मार्क लागतील?" त्यांच्यापासून सुटलो तोवर गर्दीने मला पुन्हा स्टेजपाशीच आणून सोडलं होतं. तिकडे चुडामणआबांनी मनगट वर करून घड्याळ पाहिलं.

मग अक्का दारातून आत आली. तिने भटूला गाठलं, त्याच्या हातातून डबी काढून घेतली आणि चालू लागली. सरळ. तिला कुणी राम राम घातला नाही, कापसाचा भाव विचारला नाही. बायकांनी पदर आवरून घेतले. एकीने नटलेल्या नातीला बाजूला ओढलं. पुरुष भलतीकडे बघू लागले. शंभर फूट ती मिनिटाभरात चालून आली.

खरं सांगतो, मला आधी माझा प्रबंधच आठवला. प्रयोगासाठी मी बनवलेल्या घट्ट खळीत काही कण गणितापेक्षा फार लवकर पलीकडे जायचे आणि मी दोन वर्षं सूक्ष्मदर्शकाला शिव्या देत होतो. ते कण वेगवान नव्हतेच. त्यांना कुणी धरत नव्हतं. डोक्यात लख्ख उजेड पडला आणि पुढच्याच क्षणी मला माझीच शरम वाटली. ती माझी बहीण होती.

अक्काने स्टेजच्या पायरीखालूनच डबी पुढे केली. "धर, वना. मी जास."

मी हात लांबवला, पण त्याआधी नवरीने, प्रमिलाने, वाकून अक्काचं मनगट धरलं. प्रमिलाची माहेरी परतलेली थोरली बहीणही त्या मांडवात कुठेतरी मागेच बसलेली असणार. "आत्याबाई, वर या. आठेच मना मांगे उभ्या ऱ्हा."

भटजी थबकले. सगळे चुडामणआबांकडे बघू लागले. आबा घड्याळाकडे बघत होते.

"काय दखी ऱ्हायनात?" ते ओरडले. "येळ व्हई ऱ्हायनी! ताईले वर येवू द्या!"

लग्न सहा बत्तीसला लागलं. अक्का नवरीच्या मागे मुठीत अक्षता घेऊन उभी होती.

जेवणं सुरू झाल्यावर ती शाळेकडे परत निघाली. सवयीने मी दाराशी घड्याळ लावून उभा राहिलो. दोघीतिघींनी या खेपेसही पदर आवरले. पण नवरीची आई वच्छलाबाई तिला अडवून बसली, जिलेबी खाल्ल्याशिवाय सोडेना. मग कुणाला ती नवरदेवाची सख्खी आत्या का, हे जाणून घ्यायचं होतं, कुणाला तिच्या साडीचं दुकान. एका म्हातारीने तर तिला शेजारी बसवूनच घेतलं. अक्का कधी डावीकडे ओढली जायची, कधी मागे.

दारात आली तेव्हा तिचा पदर चुरगळला होता आणि बोटं जिलेबीने चिकट झाली होती.

"चालूच नही देतस लोके," ती धापा टाकत म्हणाली. "कितला येळ लागना रे वना?"

"सव्वीस मिनिटं."

तिने मनगटाने डोळे पुसले. "लिखी ठेव," म्हणाली.