थंडीतला घड

"मुंगीना पायनागत बारीक अक्षरं शेतस ही," केळी पिकवणारे वनाआबा मोबाइल नाकाला टेकवून पुटपुटले, तेही दिपमालाच्या कानाशीच. जळगावच्या त्या इवल्या ऑफिसात खुर्च्या एकमेकींना चिकटूनच होत्या.

"मोठी करू, आबा," दिपमाला म्हणाली. तिला हायसंच वाटलं. अक्षरांची चूक म्हणजे गरीब गाय.

केळीची कापणी कधी करायची ते सांगणारं तिचं आणि भागीदार योगेंद्रचं अ‍ॅप येऊन दोन महिने झाले होते. सापडलेल्या चुकांसाठी योगेंद्रने फळ्यावर तीन रकाने आखले होते: आजच, पुढच्या वेळी, जाऊ द्या. शेवटचे दोन गच्च भरले होते. पहिला नव्या सुनेसारखा गप्प होता.

तिथे काय लिहायला हवं ते दोघांनाही ठाऊक होतं. थंडीत बाहेर पडलेला घड सावकाश भरतो, उन्हाळ्यातला झटपट. अ‍ॅप दोघांना सारखेच दिवस मोजत होतं. तपासणी दिपमालाने केली होती, भर वैशाखात. तेव्हा सगळं बरोबरच आलं होतं.

"सोमवारी गुपचूप दुरुस्त करू," योगेंद्र सकाळीच म्हणाला होता. "कुणाच्या लक्षात येतंय?"

आबांनी भरताची वांगी टेबलावर ठेवली. "बाकी अ‍ॅप भारी, हां. फक्त अक्षरं."

"तुमची कापणी झाली ना, आबा?" योगेंद्रने विचारलं.

"माझी? राहू दिली. मजूर नाही मिळाले." आबा पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता.

तीन धडधाकट मुलगे असलेल्या माणसाला मजूर मिळाले नाहीत! आणि चोपड्याहून एस.टी.ने तो अक्षरांसाठी आला! दिपमालाला उमगलं. म्हाताऱ्याने घड बोटांनी चाचपून तो कोवळा असल्याचं ओळखलं होतं, आणि अ‍ॅप करणाऱ्या या पोरांचं मन मोडू नये म्हणून सांगत नव्हता.

"आमच्या शेजारची भागाअक्का मात्र पक्की," आबा वांग्याचं देठ कुरवाळत म्हणाले. "मोबाइल सांगेल तेच खरं. उद्या सकाळी कापणार. एकटी बाई, वर्षाचं एवढंच पीक. माझं कुठं ऐकते ती?"

योगेंद्र चटकन उठला. "चहा सांगतो."

"चहा नंतर," दिपमाला म्हणाली. तिने आबांच्या हातातला मोबाइल घेतला, भागाअक्काचा नंबर लावला आणि पलीकडून "कोण?" येताच एका दमात बोलली, "अक्का, जळगावहून दिपमाला. उद्या घड उतरवू नका. तारीख आम्हीच चुकीची सांगितली."