नोंद घेतली

मला भिंतीवर टांगून शांतलिंग सेक्रेटरींना काय मिळणार होतं, ते आधी सांगतो, मित्रांनो. तालुक्याच्या साहेबांचा एक चांगला शेरा. बहात्तरच्या दुष्काळात इतकी स्वस्त इच्छा दुसऱ्या कुणाची नव्हती.

मी एक जुना फळा आहे. त्याआधी ढोकीजवळच्या एका गावात सोसायटीच्या गोदामाचं दार होतो. एक फळी तडकली, तेव्हा मला आडवं करून काळा रंग फासला.

सोसायटी गुरांना कडबा वाटायची, तोही बुरसलेला. लोक तक्रारपेटीत चिठ्ठ्या टाकत. मी तेव्हा दारच होतो; सेक्रेटरी एकेकाला माझ्याआड बोलवून हळूच सांगत, की गावात तक्रार तुझी एकट्याचीच आहे. माणूस ओशाळून, पेंढीवरचा बुरसा झटकत घरी जाई.

साहेब येणार म्हणून मग पेटीऐवजी मी आलो. डावीकडे तक्रार, उजवीकडे उत्तर. फळा भरलेला दिसावा म्हणून सेक्रेटरींनी जुन्या चिठ्ठ्याही माझ्यावर उतरवल्या आणि मोत्यासारख्या अक्षरात प्रत्येकीपुढे लिहिलं, 'नोंद घेतली'. अकरा वेळा. खडू झिजला, उत्तर तेच राहिलं.

बानूबाईची मेंढरं दुष्काळात गेली होती. उरली होती एक गाभण गाय. बुरसट कडबा खाऊन ती दोन दिवस बसून होती. कडब्याच्या रांगेतून पुढं येऊन बाईनं माझी डावी-उजवी बाजू निरखली.

"अण्णा, मला वाचता येत न्हाय," ती सेक्रेटरींना म्हणाली. "पर हिकडं अकरा जणांची येगयेगळी रडगाणी, अन् तिकडं सगळ्यांना एकच नक्षी. मला तर तुम्ही म्हणला हुता, तुझ्या एकटीचीच तक्रार हाय."

"मलाबी तसंच म्हणले," रांगेतला कोंडिबा म्हणाला. "वर चहा पाजला."

"तुला चहा व्हय?" त्याच्यामागच्या गोरोबाला कडब्यापेक्षा तेच जास्त लागलं.

सेक्रेटरींनी फडकं उचललं. बानूबाई मला पाठ लावून उभी राहिली.

"पुसू नगा. सायबाला बघू द्या की, किती झ्याक नोंद घेतलीया."

रांग हसली, पण हलली नाही. शेवटी सेक्रेटरींनी सगळ्यांदेखत खाली लिहिलं, 'बुरसट कडबा परत. उद्या उसाचं हिरवं वाढं.' लिहिलं म्हटल्यावर आणणं आलं. त्याच दुपारी ते सायकल हाणत ढोकीच्या साखर कारखान्यावर गेले. दुसऱ्या दिवशी वाढ्याचा ट्रक आला. तिसऱ्या दिवशी बानूबाईची गाय उठली, आणि सारी गल्ली बघायला लोटली.

पुढं तक्रारीही सुधारल्या. उत्तर चारचौघांत येणार म्हटल्यावर कुणी उगाच रडेना. 'कडबा वाईट' ऐवजी लोक लिहायला लागले, 'तिसरी गंजी, खालच्या पेंढ्या ओल्या.'

आता मी गोठ्याच्या भिंतीला टेकून आहे. मित्रांनो, मला रंग देऊ नका हवं तर. पण उत्तर सगळ्यांना दिसेल असं लिहा, आणि सगळ्यांनी वाचण्याआधी पुसू नका.

राहिला हिशेब. वाढं गुरांनी खाल्लं, गाय बानूबाईला राहिली, गोरोबाला राहिलेला चहा मिळाला. फजिती तेवढी एकट्या सेक्रेटरींच्या खात्यावर पडली. साहेब आले, माझ्यासमोर उभे राहून हसले आणि वहीत शेरा लिहून गेले: 'नोंद घेतली.'