रुसकीचं मुंडकं

सूड घ्यायचा तर आधी खिडकी मोठी करायला हवी, असं बाहुलीवालीने ठरवलं होतं. लोक सूड घ्यायला सुरे परजतात. हिने गवंडी बोलावला.

घरामागची ती खोली म्हणजे नुसती अडगळ. फाटकी गादी, पाय मोडलेलं टेबल, कधीतरी दुरुस्त करू म्हणून ठेवलेली आणि कधीच दुरुस्त न झालेली इस्त्री. सगळं भंगारात गेलं. गवंड्याने खिडकी वाढवली, समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला गोल भोक पाडलं, आणि त्यात हवा बाहेर फेकणारा पंखा बसवायचं काम तिच्या नवऱ्याकडे आलं. नवरा वायरमन. लोकांच्या घरी दिवाणखाने उजळून द्यायचा, आणि स्वतःच्या न्हाणीघरातला दिवा वर्षभर बंद.

"एवढा दांडगा पंखा हॉटेलच्या भटारखान्यात लावतात गं," तो शिडीवरून म्हणाला.

"लाव तू. आणि भट्टीला वेगळी लाईन ओढ. घरातल्या जुन्या वायरीवर भट्टी चालवायची नाही."

"वायरमन कोण, तू की मी?"

"तू. म्हणूनच तर सांगतेय."

तो हसला, पण त्याने लाईन वेगळी ओढली. भट्टी छोटीच होती, विजेवर चालणारी. ती विटांवर, भिंतीपासून हातभर लांब बसवली. मग बाहुलीवालीचे नियम सुरू झाले. चिनी मातीची भुकटी झाकणाच्या डब्यातच राहील. ती पाण्यात कालवताना तोंडावर मास्क पाहिजे, आणि मास्क म्हणजे तोंडाला गुंडाळलेला रुमाल नव्हे. खोलीत कोरडा झाडू फिरवायचा नाही, कारण ती भुकटी एकदा हवेत उडाली की थेट छातीत जाऊन बसते. ओल्या फडक्यानेच पुसायचं. एप्रन खोलीबाहेर न्यायचा नाही. चहाचा कप उंबऱ्याच्या आत आणायचा नाही.

"ऑपरेशनच्या खोलीत तरी एवढी कटकट नसेल," नवरा म्हणाला. "कुणासाठी चाललंय हे सगळं?"

"दादा-वहिनीच्या नाकावर टिच्चून चाललंय," ती म्हणाली.

आणि ते शंभर टक्के खरं होतं. उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणायचा?

तिच्या वडिलांचं बाहुल्यांचं दुकान होतं. साध्या कापडाच्या, कापूस भरलेल्या बाहुल्या. वडील गेल्यावर दुकान दादाकडे आलं आणि काम हिच्याकडे. हिनेच मातीतून एक चेहरा घडवला: गाल फुगवलेली, खालचा ओठ पुढे काढलेली, आत्ता रडेल की आत्ता हसेल कळू नये अशी पोरगी. तिचं नाव पडलं रुसकी. रुसकी बाजारात आली आणि दादाच्या दुकानाचं नशीब फळफळलं. कापडाच्या बाहुल्या कोपऱ्यात गेल्या, मागच्या खोलीत रेझिन ओतायचं काम सुरू झालं. एका बाटलीतला रस, दुसऱ्या बाटलीतला रस, मापात मिसळायचा, रबरी साच्यात ओतायचा, घट्ट झाला की रुसकी बाहेर. दिसायला पोरखेळ. पण त्याची जी वाफ निघते ती मोठी वाईट असते.

त्या खोलीच्या खिडक्या वहिनीने बंद केल्या होत्या. नुसत्या बंद नव्हे, फटींना चिकटपट्ट्या लावून. कारण काय, तर रस्त्यावरची धूळ येते आणि ओल्या रंगावर बसते. बाहुलीवाली खोकायला लागली तेव्हा तिने पंखा मागितला. दादा म्हणाला, बघू. तिने मास्क मागितला. वहिनी म्हणाली, "अगंबाई! राणीसरकारांना आता मास्क हवाय!" आणि दुकानात घाऊक माल न्यायला येणारा व्यापारी बसला होता, त्याच्यासमोर वहिनीने तिच्या खोकल्याची नक्कल केली. छातीवर हात धरून, डोळे पांढरे करून, शेवटी शीळ घातल्यासारखा श्वास ओढून. व्यापारी पोट धरून हसला. दादाही हसला. हे हसणं बाहुलीवाली काही केल्या विसरत नव्हती. दम लागला ते तिने सोसलं असतं, पण सख्खा भाऊ हसला होता.

एक दिवस ती साच्यावरच कोसळली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, ह्या रेझिनने तुमची छाती कायमची बिघडवली आहे. आता त्याचा वास आला तरी श्वास अडकेल, त्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. दादा म्हणाला, काम नको म्हणून सोंगं. ती निघाली तेव्हा तिने फक्त एक वस्तू उचलली: रुसकीचं मूळ मुंडकं, तिने स्वतःच्या हाताने घडवून भाजलेलं, ज्याच्यावरून साचे निघायचे ते.

"ने, ने तुझा दगड," वहिनी दारातून म्हणाली. "साचे आहेत आमच्याकडे. बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला!"

बाहुलीवाली मुंडकं घेऊन चालू लागली. तिला ठाऊक होतं ते वहिनीला ठाऊक नव्हतं. रबरी साचा म्हणजे काही लोखंडाचा नसतो. ओतून ओतून तो झिजतो, कडा फाटतात, बारीक रेघा बुजतात. नवा साचा काढायला मूळ मुंडकं लागतं, आणि ते आता हिच्या कपाटात होतं, हिच्याच जुन्या ओढणीत गुंडाळलेलं. सूड घ्यायला हिला बोटसुद्धा उचलायचं नव्हतं. नुसतं थांबायचं होतं.

आणि मग बातम्या यायला लागल्या. तोच व्यापारी, दोन्ही डगरींवर हात ठेवणारा, येऊन सांगायचा. रुसकीचा ओठ बोथट झालाय म्हणे. रुसकीच्या कानाला गाठ येतेय म्हणे. गिऱ्हाइकं विचारतात, ही रुसलीय की हिचा दात दुखतोय? बाहुलीवालीला मनातून उकळ्या फुटायच्या. त्यावर कडी म्हणजे, वहिनीने विकायला ठेवलेल्याच एका बाहुलीवरून नवा साचा काढायचा घाट घातला. हातात घातले दवाखान्यातले पिवळट रबरी हातमोजे. आता ह्या कामातलं पोरसुद्धा सांगेल की त्या मोज्यांचा हात लागला की साचा ज्याचा होतो ते पातळ रबर, सिलिकॉन, बिथरतं, जन्मात घट्ट होत नाही. भांडंभर सिलिकॉनची नुसती शेंबडासारखी चिकट राड झाली. वहिनी दिवसभर हात घासत बसली होती म्हणे. बाहुलीवाली हे ऐकून इतकी हसली, इतकी हसली की तिचाच दम अडकला आणि नवऱ्याला औषधाचा पंप शोधत धावावं लागलं. मोजे बदलून वहिनीने पुन्हा करून पाहिलं तेव्हा साचा निघाला खरा, पण नकलेची नक्कल ती, चेहरा सपाट. ती बाहुली कुणी घेईना.

तर आता इकडे खोली तयार झाली होती. रेझिन नाहीच. चिनी मातीचा पातळ घोळ करायचा, प्लास्टरच्या साच्यात ओतायचा, सुकवायचा, भट्टीत भाजायचा. उद्या सकाळी मूळ मुंडक्यावर पहिलं प्लास्टर ओतायचं आणि मग रुसकी पुन्हा बाजारात, चिनी मातीची, लखलखीत, हिच्या नावाने. दादाच्या दुकानासमोरच्या दुकानात, दर्शनी काचेत ती मांडायची, हेसुद्धा व्यापाऱ्याशी बोलून झालं होतं. दादाने रोज शटर उघडावं आणि समोर रुसकीने त्याच्याकडे बघून ओठ काढावा. ह्या एका विचारावर तिने भिंती रंगवल्या होत्या.

ती मुंडकं मांडीवर घेऊन ओल्या ब्रशने त्याच्या खाचाखोचा साफ करत होती, तेवढ्यात मागच्या दारात वहिनी उभी राहिली.

वहिनी वाळली होती. पण तोरा होता तसाच. खोलीभर नजर फिरवून म्हणाली, "बराच थाट मांडलायस की."

"चपला बाहेर काढा," बाहुलीवाली म्हणाली. "आणि बोला तिथूनच."

वहिनीने चपला काढल्या. हेच पाहून बाहुलीवालीला बरं वाटलं.

"हे बघ, झालं गेलं," वहिनी म्हणाली. "तुझ्या भावाच्या तोंडचं पाणी पळालंय. तुझ्या जागी ठेवलेला गडी सोडून गेला, हल्ली सगळं ओतायचं काम मीच करते. साचे संपले. ते मुंडकं आठवडाभर दे. साचा काढून परत करते."

"दादा का नाही आला?"

"त्याला तोंड आहे का यायला?"

"आणि तुम्हाला आहे?"

बाहुलीवालीने ह्या क्षणाची वाक्यं कितीदा घोकली होती, भिंत रंगवताना, फरशी पुसताना, पंख्याचा आवाज ऐकताना. आता ती जिभेवर आयती आली.

"देते की," ती म्हणाली. "एका अटीवर. माझ्या खोकल्याची नक्कल करून दाखवा. त्या दिवशी केली होती तशी. तेव्हा छान जमली होती तुम्हाला."

वहिनीचं तोंड उतरलं. "काय हे पोरकट..."

"जमत नसेल तर दरवाजा मागेच आहे."

वहिनीने तिच्याकडे असं पाहिलं की कच्ची खाईल. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. तिने छातीवर हात धरला आणि खोटं खोटं खोकली. एकदा. दोनदा. बाहुलीवाली गालात हसली. तिसरा खोकला मात्र थांबेना. वहिनीने चौकट धरली. ती वाकली, मान ताणली गेली, डोळ्यांत पाणी आलं, आणि शेवटी जो श्वास तिने ओढला त्याला शीळ होती. ती शीळ नकलेत येत नाही. बाहुलीवाली रोज पहाटे ती स्वतःच्या छातीतून ऐकत होती.

तिचं हसू तसंच राहिलं, उतरवायचं सुचलं नाही. मग ती उठली आणि पाण्याचा पेला भरून दाराशी नेऊन दिला.

"कधीपासून होतंय?"

"धुळीने होतं," वहिनी धापा टाकत म्हणाली.

"चिकटपट्ट्या लावलेल्या खोलीत कुठली धूळ? वहिनी, हे रेझिन आहे. माझं असंच सुरू झालं होतं. अजून वेळ गेलेली नाही, पण पुन्हा त्याला हात लावलात तर जाईल. डॉक्टरकडे जा. ते काम बंद करा, कापडाच्या बाहुल्या शिवा, कापूस भरा, काय वाट्टेल ते करा."

"हां!" वहिनीने पेला उंबऱ्यावर आपटला. "आलं लक्षात. मी काम बंद करायचं आणि तू समोरच्या दुकानात रुसकी मांडायचीस. व्यापारी बोललाय मला. मला नको शिकवूस. मी तुझ्यासारखी काचेची नाहीये. अट पुरी केलीय मी. दे ते."

आणि तिने हात पुढे केले.

बाहुलीवालीच्या हातात मुंडकं होतं. एकाएकी तिला सगळं लख्ख दिसलं. अडवून धरायची गरजच नव्हती! द्यायचं. हसतमुखाने द्यायचं, वर साचा कसा काढायचा तेही शिकवायचं. मग वहिनी जाईल, चिकटपट्ट्यांच्या खोलीत बसेल आणि ओतत राहील. रुसकी परत खपेल, दादा आणखी माल मागेल, आणि एक दिवस वहिनी साच्यावर कोसळेल. हिने काहीच केलेलं नसेल. उलट गाव म्हणेल, बघा कशी मोठ्या मनाची. इतका बिनबोभाट, इतका पुरा सूड तिने स्वप्नातही मागितला नव्हता, आणि तो हात पसरून दारात उभा होता. तिला तो हवा होता. अगदी पोटातून हवा होता. तिने मुंडकं पुढेही केलं.

वहिनीच्या बोटांवर रेझिनचे पिवळे डाग होते. मुंडकं शाबूत राहिलं तर आज ना उद्या ते ह्याच हातांत पडणार होतं. बोटं टेकली, तशी बाहुलीवालीने मुंडकं मागे खेचलं, वळली, आणि दोन्ही हातांनी कोपऱ्यातल्या मोरीच्या दगडी कडेवर आपटलं.

भाजलेली माती ती. पहिल्या घावात ओठ गेला, दुसऱ्यात गाल. तिसरा घाव घालायची गरज नव्हती, पण तिने घातला.

वहिनी आधी पाहतच राहिली. मग तिने जो गळा काढला तो पार गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "वैरीण! कैदाशीण! स्वतःच्या भावाच्या पोटावर पाय दिलास! तुझं कधी भलं होणार नाही! खुनशी, खुनशी बाई!" चपला हातातच घेऊन ती शिव्यांची लाखोली वाहत निघाली. मध्ये खोकला आला की थांबायची, आणि पुन्हा सुरू व्हायची. शेजारच्या खिडक्या उघडल्या. उद्या सगळीकडे हेच होणार होतं: बाहुलीवालीने डूख धरून भावाचा धंदा बुडवला.

नवरा धावत आला. आधी त्याने मोरीकडे पाहिलं, मग नव्या भट्टीकडे, मग तिच्याकडे.

"अगं, हे काय केलंस? आता आपण तरी काय ओतणार?"

"दुसरी घडवीन."

"रुसकीसारखी?"

तसा चेहरा माणसाच्या हातून एकदाच उतरतो, हे तिला त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं. तिने फडकं ओलं केलं, खाली बसली आणि तुकडे टिपायला लागली. आता कुठे तिला रडू फुटलं. पण रडताना मध्येच तिला वहिनीचं ते आ वासलेलं तोंड आठवलं, आणि खोटं कशाला सांगा, तिला बरंही वाटलं.

गल्लीच्या टोकाकडून अजून शिव्या ऐकू येत होत्या.

"आता जन्मभर तुझ्या नावाने बोटं मोडणार ती," नवरा म्हणाला.

"मोडू दे," ती म्हणाली. "शिव्या द्यायला छातीत दम लागतो. तिचा तेवढा तरी टिकू दे."